मयताची ओळ

युसूफ वडगाव या गावच्या रेवणप्पा वाण्याची लेक शिवकन्या केजला दूध संघात कॉम्प्युटरवर बसते, एवढंच गावाला ठाऊक होतं. ती तिथं नेमकं काय करते, हे रेवणप्पालाही सांगता आलं नसतं. अंबाजोगाईला तीन वर्षं शिकली, पुण्याला जाते म्हणाली, तेवढ्यात आई अंथरुणाला खिळली. पुणं राहिलं ते राहिलंच. मांजरथडी दूध संघाच्या कचेरीत दुधाच्या फॅटचे आकडे भरायला ती लागली आणि वर्षभरात असा कंटाळा आला की, हे आकडे आपोआप भरले जावेत म्हणून तिनं स्वतःच बसून स्क्रिप्टा, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचना, लिहायला सुरुवात केली. कुणी शिकवलं नाही, कुणी विचारलं नाही. काम लवकर उरकतं एवढंच कचेरीला दिसलं.

मग दोन हजार एकोणीसचा उन्हाळा आला. आदल्या साली परतीचा पाऊस फिरकलाच नव्हता. रब्बीची ज्वारी उगवली नाही, ज्वारी नाही म्हणून कडबा नाही, आणि कडबा नाही म्हणून फेब्रुवारीतच लोक जनावरांच्या दावणीकडं बघायचं टाळायला लागले. चारा छावण्या मंजूर झाल्या. केज तालुक्याच्या वरच्या अंगाच्या एकाहत्तर गावांसाठी छावण्या चालवायचं काम संघाकडं आलं. पण जनावर छावणीत घ्यायचं तर आधी यादी हवी. यादीत नाव असेल त्याच्याच जनावराच्या कानात पिवळा बिल्ला मारायचा, बिल्ल्यावरचा नंबर रोज मोबाईलनं वाचायचा, आणि नंबर वाचला गेला तरच चारा.

संघाचे व्यवस्थापक आप्पाराव यांनी सगळ्या गावांच्या सोसायटी सचिवांना निरोप धाडला. प्रत्येक खातेदाराच्या चार ओळी पाठवा. पहिलीत अनुक्रम आणि नाव, दुसरीत गाव आणि गट नंबर, तिसरीत जनावरं, चौथीत मोबाईल. सचिवांनी नोटपॅडमध्ये टाइप करून एकाहत्तर फायली पाठवल्या. त्या उघडल्या आणि आप्पारावांनी कपाळाला हात लावला. कुणी दर पानाच्या डोक्यावर सोसायटीचं नाव घातलेलं, कुणी वीस नावांनंतर टिंबांची रेघ ओढलेली, कुणी मधेच जनावरांची बेरीज मांडलेली, तर एका सचिवानं प्रत्येक पान संपलं की 'जय हरी' लिहिलेलं.

"सहा माणसं बसवा," आप्पाराव म्हणाले. "आठ दिवस लागतील. यादी तक्त्यात पाहिजे म्हणतात वरचे."

"साहेब, मला उद्या दुपारपर्यंत द्या," शिवकन्या म्हणाली.

एका ओळीत सगळं असतं तर तासाभराचं काम होतं. इथं एकेक माणूस चार ओळींवर पसरलेला. म्हणून तिनं स्क्रिप्टला ओळी सुट्या वाचू दिल्याच नाहीत. अख्खी फाइल एकच लांबलचक मजकूर म्हणून वाचायला लावली आणि रेग्युलर एक्स्प्रेशनचा एक साचा बांधला. आधी आकडा, टिंब, नाव, ओळ तुटते, मग 'गाव' या शब्दानं सुरू होणारी ओळ, मग 'जनावरे', मग 'मोबाईल' आणि दहा आकडे. या साच्यात जे बसेल ते उचलायचं, चार ओळींची तक्त्यातली एक आडवी ओळ करायची. जे बसणार नाही ते मथळे, रेघा, बेरजा, जय हरी. ते सोडून द्यायचं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला तिनं स्क्रिप्ट चालवली आणि चहा संपायच्या आत नऊ हजार चारशे बारा नावं तक्त्यात ओळीनं उभी राहिली. पहिली पन्नास तिनं फाइलीशी ताडून पाहिली. शेवटची पन्नास पाहिली. एकात चूक नाही. आप्पाराव खुर्चीमागं उभे राहून बघत होते. त्यांनी कचेरीत पेढे वाटले. जिल्ह्याच्या बैठकीत म्हणे कलेक्टर साहेबांनी विचारलं, ही एवढी स्वच्छ यादी कुणी केली? त्या संध्याकाळी एसटीच्या खिडकीशी बसून वडगावला जाताना शिवकन्याला बऱ्याच वर्षांनी वाटलं, आपण शिकलो ते फुकट नाही गेलं.

छावण्या उघडून आठवडा झाला असेल. सकाळी ती कचेरीत आली तर पायरीवर एक बाई बसलेली. पन्नाशीची, वाळलेली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. बोरदऱ्याहून आली होती. बोरदरा म्हणजे नांदूरघाटच्याही पलीकडं, डोंगर चढून. नाव केशरबाई.

"माय, जरा यादीत बघती का? छावनीवरला हजेरीवाला पंडित म्हनतो, तुजं नाव न्हाई. केजला जा म्हनला."

"बसा मावशी. बघते."

तक्त्यात केशरबाई तीन होत्या. बोरदऱ्याची एकही नव्हती.

"नाव नाही मावशी. सोसायटीत दिलं होतं का?"

"कावून न्हाई? उत्तरेश्वर सचिवानं माझ्यासमोर लिवलं. म्या सांगत गेले तसं लिवलं त्यानं." तिनं पिशवी उघडायला घेतली. "एक गाय हाय. लालकंधारी. गाभन हाय. छावनीवर दोनदा चालवीत नेली अन् दोनदा माघारी आनली. आता चढ चढाना ती."

शिवकन्यानं बोरदऱ्याची मूळ फाइल उघडली. शोधायलाही लागलं नाही. एकशे बारा नंबरवर मजकूर स्वच्छ होता.

११२. आश्रुबा सटवा घोळवे
मयत. वारस पत्नी केशरबाई
गाव: बोरदरा, गट नं. ४७
जनावरे: मोठी १
मोबाईल: आणि पुढं दहा आकडे.

पाच ओळी. चारच्या जागी पाच. शिवकन्या त्या दुसऱ्या ओळीकडं बघत राहिली. नावानंतर 'गाव' यायला हवं होतं, 'मयत' आलं. साचा तिथं अडखळला, आणि अडखळला की पुढं सरकायचं, हे तिनंच त्याला सांगून ठेवलं होतं. जय हरीसारखं सोडून द्यायचं.

 तिनं सगळ्या एकाहत्तर फायलींत 'मोबाईल' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळी मोजायला लावल्या. दोन मिनिटांचं काम. ते पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं आणि केलं नव्हतं. नऊ हजार सातशे एकोणतीस. यादीत नऊ हजार चारशे बारा. तीनशे सतरा माणसं कमी.

ती तीनशे सतरा तिनं एकेक करून पडद्यावर आणली. तेरा ठिकाणी सचिवांची टायपिंगची चूक होती. बाकी तीनशे चार ठिकाणी एकच शब्द होता. मयत, वारस पत्नी गीताबाई. मयत, वारस पत्नी नीलाबाई. मयत, वारस आई. पुन्हा वारस पत्नी. सोसायटीच्या जुन्या रजिस्टरात असंच लिहायची पद्धत होती, आणि सचिवांनी तसंच उतरवलं होतं. ज्या घरात पुरुष गेला, ते घर तिच्या यादीतून गेलं होतं. एकाहत्तर गावांतली झाडून सगळी.

"सापडलं का गं?" केशरबाईनं विचारलं.

"सापडलं मावशी," शिवकन्या म्हणाली.  "तुमचं नाव आहे. यादीत यायचं राहिलंय. मी घालते."

"मंग आज नेऊ का गायीला?"

"आज नको. चार दिवसांत होईल."

केशरबाई हात जोडून गेली. जाताना पायरीवर थांबून तिनं पदराखालून एक गाठोडं काढलं, भाजलेल्या शेंगा होत्या, आणि नको नको म्हणताना टेबलावर ठेवून गेली.

स्क्रिप्ट दुरुस्त करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. नाव आणि गाव यांच्यामध्ये कंसात ती 'मयत'ची ओळ आणि कंसाबाहेर एक प्रश्नचिन्ह. म्हणजे ही ओळ असेल किंवा नसेल, दोन्ही चालेल. एक प्रश्नचिन्ह. तीनशे चार नावं आत आली. तेरा तिनं हातानं भरली, पुन्हा मोजली, पुन्हा ताडली आणि कागद घेऊन आप्पारावांच्या खोलीत गेली.

आप्पाराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, सगळं ऐकलं, आणि आधी उठून दार लावून घेतलं.

"यादी माझ्या सहीनं गेलीय," ते म्हणाले. "त्याच यादीवर छावणीची जनावरं ठरली, चारा ठरला. आता कुठल्या तोंडानं सांगू की तीनशे विसरलो?"

"माझ्या तोंडानं सांगा. मी लिहून देते, चूक माझी आहे."

"तुझी कशी? नमुना चार ओळींचा दिला होता. सचिवांनी पाच लिहिल्या. चूक त्यांची."

"साहेब, त्यांनी खरं होतं ते लिहिलं."

आप्पारावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पुरवणी यादी पाठवू. पण आचारसंहिता लागलीय, कलेक्टर कचेरीतले सगळे निवडणुकीच्या कामावर. सही कोण करणार, मला माहीत नाही."

शिवकन्यानं एका पानावर लिहून दिलं. काय झालं, कसं झालं, कुणाच्या हातून झालं. आप्पारावांनी ते वाचलं, घडी घातली आणि खणात ठेवलं. पुरवणी यादीसोबत ते पान गेलंच नाही, हे तिला पुढं कळलं.

चार दिवस गेले. आठ गेले. मतदान झालं. शिवकन्या रोज अकराला कलेक्टर कचेरीत फोन लावायची आणि पलीकडून रोज वेगळा माणूस तेच सांगायचा, साहेब दौऱ्यावर. हातावर हात धरून बसवेना, म्हणून तिनं त्या तीनशे सतरा नंबरांवर फोन लावायला घेतले. निदान सांगावं तरी, नाव येणार आहे, जनावर काढू नका.

पहिल्या दिवशी चाळीस नंबर लावले. एकतीस बंद. दुपारपर्यंत तिच्या ध्यानात आलं की हे नंबर बायकांचे नाहीत. गेलेल्या नवऱ्यांचे आहेत. नाव त्यांचं, गट त्यांचा, मोबाईलही त्यांचाच. जे लागले त्यातला एक पुण्याच्या कुठल्याशा वॉचमननं उचलला. तो नंबर आता त्याला मिळाला होता. एकीनं उचलला, चकलांब्याहून. ती माहेरी निघून गेली होती. म्हणाली, "म्हैस गेल्या बाजारात इकली. आता कशाला फोन केला?"  पलीकडच्या बाईनं उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

रविवारी ती गावोगाव फिरली. हातात छापलेली यादी, डोक्यावर ओढणी. एका गावात सासूनं दारातूनच सांगितलं, बैल मेले. दुसऱ्या गावात एक विधवा आपल्या दोन शेळ्यांना बाभळीचा पाला घालत होती. छावणी शेळ्यांसाठी नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, ती अजून वाट बघत होती. दर घरी शिवकन्या तेच सांगायची. नाव राहिलंय. येईल. कुणाकुणाला तिनं 'चूक माझी' असंही सांगायचा प्रयत्न केला, पण ते ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. बायकांना एकच कळायचं होतं, कधी?

चोविसाव्या दिवशी पुरवणी यादी मंजूर झाली. मंजुरीचा कागद हातात आला तशी शिवकन्या कचेरीतून तडक निघाली. केशरबाईला फोन करून उपयोग नव्हता. तो नंबर आश्रुबाचा होता, आणि आश्रुबा तीन वर्षांपूर्वी उसाच्या फडावर ट्रॉली उलटून गेला होता. तिनं नांदूरघाटची जीप धरली. आधी छावणी गाठावी, केशरबाईच्या गायीसाठी बिल्ला तयार ठेवायला सांगावं, मग बोरदऱ्याला चढावं.

छावणी माळावर होती. हिरव्या जाळीच्या सावल्या, खाली ओळीनं जनावरं, उसाच्या वाढ्यांचा आणि शेणाचा वास. नोंदीच्या टेबलाशी पंडित बसला होता. त्यानं कागद वाचला आणि मान हलवली.

"बोरदऱ्याची केशरबाई? तिची गाय आलीय की. लई दिवस झाले."

"कशी आली? नाव तर आज मंजूर झालं."

"दिराच्या नावावर आली. बंकट घोळवे. त्याचं नाव होतं यादीत. दोन बैल त्याचे, तिसरी ही."

शिवकन्या ओळीच्या टोकापर्यंत चालत गेली. तांबड्या रंगाची गाभण गाय मान घालून वाढे खात होती. कानात पिवळा बिल्ला. शेजारी बाजेवर बंकट बसला होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"ही गाय केशरबाईंची आहे ना?" तिनं विचारलं.

"व्हती," बंकट म्हणाला. "उपाशी मराया लागली तवा वहिनीनंच आनून दिली. मी म्हनलं, माझ्या नावावर घालतो, पर मंग माझीच. ती व्हय म्हनली."

"त्यांचं नाव आता यादीत आलंय. त्यांची गाय त्यांच्या नावावर करा."

"मंग करा की. काढा बिल्ला." त्यानं पंडितकडं बोट दाखवलं. "इच्यारा त्याला."

पंडित मागं येऊन उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, एकदा बिल्ला मारला की तो नंबर दुसऱ्या नावावर होत न्हाई. एका जनावराला दोन बिल्ले चालत न्हाईत. पुढं दवाखाना, विमा, समदं त्याच नंबरावर. वासरू झालं तर तेबी ह्याच्याच खात्यात."

"पण हे चूक आहे."

"चूक तर हाय," पंडित म्हणाला. "पर मी काय करू?"

बंकट उठून उभा राहिला. तो रागावला नव्हता, त्याचंच वाईट वाटावं असा थकलेला दिसत होता. "बाई, महिनाभर मी हितं उन्हात बसलोय. रोज हजेरी, रोज पानी. तुमचा कागद एवढ्या दिवसांनी आला. कुठं व्हता तवर?"

तिला सांगता आलं असतं. कुठं होता, का होता.  गायीच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. ती बोरदऱ्याच्या वाटेला लागली.

चढ तासाभराचा. वाटेत एक पानही हिरवं नव्हतं. केशरबाईचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं. ती अंगणात बसून चिंचा फोडत होती. शिवकन्याला बघून लगबगीनं उठली, गोधडी अंथरली, तांब्यात बोटभर पाणी होतं ते पुढं केलं. गोठ्यात दावं खुंटीला गुंडाळून ठेवलेलं होतं.

"मावशी, मी सगळं सांगायला आलेय," शिवकन्या म्हणाली. आणि तिनं सांगितलं. फायली कशा आल्या, आपण साचा कसा बांधला, चार ओळी कशा धरल्या, पाचवी कशी नजरेतून सुटली. सोप्यात सोपं करून सांगितलं. "तुमच्या मालकांच्या नावाखाली मयत अशी ओळ होती. त्या ओळीमुळं माझ्या कॉम्प्युटरनं तुमचं नाव उचललं नाही. चूक माझी आहे. मोजायला पाहिजे होतं, मी मोजलं नाही."

केशरबाईनं चिंच खाली ठेवली.

"म्हंजे त्येंचं नाव वर व्हतं म्हनून?"

"नाव होतं म्हणून नाही. खालची ती ओळ—"

"एकच झालं न्हवं का. त्येंचं नाव नसतं, नुसतं माझं असतं, तर चार वळी झाल्या असत्या?"

 शिवकन्या म्हणाली, "झाल्या असत्या."

केशरबाईनं गोठ्याकडं बघितलं. "उत्तरेश्वर म्हनला व्हता," ती हळूच बोलली. "मावशे, आता तुजंच नाव लिवू का? वारसाचा कागद तर तुज्या हातात हाय. मीच न्हाई म्हनले. म्हनले, त्येंचंच ऱ्हाऊ दे वर. माझं खाली टाक. एवढ्या वर्साचं घर, नाव पुसल्यावानी वाटतं." तिनं हात पदराला पुसले. "म्हंजे माझंच चुकलं."

"नाही मावशी! तुमचं काहीच चुकलं नाही. तुम्ही काहीही लिहायला सांगितलं असतं तरी मला ते वाचता यायला पाहिजे होतं."

"तू काय करशील लेकी. मशीन जसं सांगंल तसं." केशरबाई समजूत घालावी तसं म्हणाली. "म्या त्याचं ऐकलं असतं तर गाय दावनीला असती."

शिवकन्यानं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. मशीन मी सांगते तसं करतं, मशीनला मीच चुकीचं सांगितलं, असं शब्द बदलून बदलून सांगितलं. केशरबाई मान डोलवत होती, पण तिचं मन भलतीकडंच लागलं होतं. ती त्या दिवशीच्या सोसायटीच्या खोलीत होती, सचिवानं विचारलेल्या त्या एका प्रश्नापाशी. तिथून तिला उठवणं शिवकन्याला जमेना. जितकं समजवावं तितकं तिला पक्कं होत चाललं की, नवऱ्याचं नाव धरून ठेवायची हौस आपल्याला महागात पडली.

तेवढ्यात खालच्या वळणावर टँकरचा हॉर्न वाजला. घराघरातून बायका घागरी घेऊन पळाल्या. केशरबाईही उठली, दोन घागरी घेतल्या. शिवकन्यानं तिच्या हातातली एक ओढून घेतली आणि तिच्या मागं धावली.

टँकरभोवती झुंबड. पाईप या घागरीतून त्या घागरीत. शिवकन्याची ओढणी भिजली, पायावर कुणाची तरी घागर आदळली. गर्दीतल्या एका बाईनं तिच्या शहरी कपड्यांकडं बघून विचारलं, "केशरे, ही कोन गं?"

"संघातली बाई हाय," केशरबाई म्हणाली. पाईप आता तिच्या घागरीत होता, आणि तिचं सगळं लक्ष पाण्याकडं होतं. "लांबून आलीय बिचारी. माझं काय चुकलं ते सांगाया."

शिवकन्यानं तोंड उघडलं. पण पाईप पुढं सरकला होता, मागच्या बायका रेटत होत्या, आणि तिच्या हातातली घागर अजून रिकामीच होती.